राबावरून गेलेल्या गाड्या

मागच्या महिन्यात पुन्हा एक फोन आला. कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला होता म्हणे. कामशेतच्या आतल्या अंगाला जो 'अनएक्सप्लोर्ड' ट्रॅक आहे, त्याचं लोकेशन पाठवता का, असं तो पोरगा विचारत होता. मी म्हटलं, तिथं ट्रॅक नाही. तो म्हणाला, आहे, मी व्हिडिओ पाहिलाय. मी फोन ठेवून दिला. पूर्वी मी अशांना समजावून सांगायचे. आता संताप येतो, आणि संतापात माझ्या तोंडून जे निघतं ते शेजाऱ्यांनी ऐकू नये म्हणून माझी मुलगी उठून खिडकी लावून घेते.

अनएक्सप्लोर्ड! तिथं एक वाडी आहे, तिच्यात माणसं राहतात. त्यांचे आजे-पणजे तिथं राहत होते. त्यांच्या शेळ्या तिथं चरतात, त्यांची पोरं त्या वाटेनं शाळेत उतरतात. पण पुण्याहून कुणी मोठ्या चाकांची गाडी घेऊन आलं नाही, तोवर ती जागा म्हणे कुणाला सापडलेलीच नसते.

मी काही गाड्यांच्या विरोधातली बाई नाही, हे आधी सांगते. माझं माहेर परंदवडीचं, घरची भातशेती. वडिलांना मुलगा उशिरा झाला, तोवर घरचा ट्रॅक्टर मीच चालवला. पुढं नोकरीसाठी लोणावळ्यात राहायला आले आणि पहिली संधी मिळताच एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली. लोक म्हणाले, बाईमाणसाला हे काय सुचलं. पण रविवारी लोणावळ्यात राहून करायचं काय? त्या दिवशी गाव आपलं नसतंच. रस्ता ओलांडायला हात जोडावे लागतात, भाजी आणायला गेलं तर दोन्ही बाजूंना चिक्कीची दुकानं आणि मधे हॉर्न. खंडाळ्यापर्यंत गाड्यांची रांग लागलेली असते. म्हणून मी सकाळी उठून उलट्या दिशेला निघायची. नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळ, जिथं डांबर संपतं तिथून पुढं. लो गिअर टाकायचा, घाई करायची नाही आणि डोंगर चढायचा. त्यातलं सुख मला कळतं. म्हणून तर जास्त राग येतो.

ती वाडी मला अशीच एका रविवारी भेटली. डोंगराच्या कुशीत दहा-बारा घरं, ठाकर लोकांची. वर जायला एकच रस्ता, तोही वाडीतल्या माणसांनी स्वतः पहारीनं दगड फोडून केलेला. दोन उन्हाळे खपले होते त्यात. वडगावला तालुक्याच्या कचेरीत खेटे घालून थकले, तेव्हा आपलं आपणच करू म्हणाले आणि केला. त्या रस्त्यानं वर जायची एक रीत आहे. वाडीच्या खाली गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं आणि कुणीतरी एकानं पायी वर जाऊन सांगायचं की आम्ही आलोय, गाडी आणू का? कारण वाटेतच कुणाचं धान्य वाळत असतं, रांगती पोरं असतात, शेळ्या व्यायलेल्या असतात. कुणी नाही म्हणत नाही. फक्त विचारायचं.

वरच्या टोकाचं घर मावशीचं. साठी केव्हाच ओलांडलेली, काटक, बोलायला कमी. मुलगा आणि ती, दोघंच. मी गेले की कोरा चहा ठेवायची आणि मला 'बाय' म्हणायची. मला तिचं आवडायचं ते हे की मी गाडी चालवते याचं तिला काडीचंही कौतुक नव्हतं. एकदा म्हणाली, गाडी काय, म्हशीपरीस सोपी, तिला राग तर येत न्हाई.

तर गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी पुण्याचा एक ग्रुप आला आणि त्यांना त्या वाडीकडं मीच घेऊन गेले. पाच गाड्या. त्यांच्यातल्या एकाशी ऑफिसच्या कामातून ओळख होती. याआधी दोनदा त्यांच्याबरोबर पवना धरणाच्या मागच्या बाजूला गेले होते आणि तेव्हा ती माणसं बरी वागली होती. कचरा पिशवीत भरून परत नेला होता. त्यांचा एक 'कॅप्टन' होता. सैन्यातला नव्हे, मोबाइलवरच्या ग्रुपचा. गाडीच्या टपावर तंबू, पुढं रुतलेली गाडी ओढून काढायचं विंच, बाजूला घडीचं फावडं, आणि गाडी अशी पुसलेली की चिखलानं बिचकावं. तो वॉकीटॉकीवर 'ओव्हर' म्हणायचा. शेजारच्या गाडीतल्या माणसाशी काच खाली करून बोलता येत असतानाही म्हणायचा.

वाडीच्या खाली मी गाड्या थांबवल्या. रीत सांगितली. इथंच थांबा, मी वर जाऊन येते. सगळ्यांनी माना डोलावल्या. कॅप्टननं अंगठा दाखवला.

वर मावशी ओट्यावर बसली होती. गाड्या आणू का विचारलं तर म्हणाली, आण की, पर जरा बस, च्या घे. तिची कामं उरकली होती, म्हणून निवांत होती. राब भाजून झाला होता, बीही पेरून झालं होतं.

ज्यांना भाताची शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. भात थेट शेतात पेरत नाहीत. आधी एका लहानशा तुकड्यावर रोपं तयार करतात, मग ती उपटून खाचरांत लावतात. त्या तुकड्यावर उन्हाळाभर शेण, झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, पालापाचोळा असं थरावर थर रचतात आणि पेटवतात. याला राब भाजणं म्हणतात. तण मरतं, माती भुसभुशीत होते. मग त्या काळ्या, राखेनं मऊ झालेल्या मातीत कोरडंच बी पेरतात आणि पावसाची वाट बघतात. तोवर कोंबड्या-शेळ्यांनी उकरू नये म्हणून भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? उतारावरचा एक जळलेला काळा तुकडा आणि कडेला काट्यांचे ढीग. पण घरातलं वर्षाचं भात त्या तुकड्यात असतं. तो गेला तर खाचरं कितीही असोत, लावायला काही नाही.

चहा अर्धा झाला होता तेव्हा खालून इंजिनांचा आवाज आला. मला वाटलं, गाड्या सावलीला घेत असतील. मग आवाज चढला. ॲक्सिलरेटर दाबून चाकं मुद्दाम घसरवतात तेव्हाचा तो आवाज मी लगेच ओळखला. मावशीला गाड्यांतलं काही कळत नव्हतं, पण आवाज कुठून येतोय ते तिला माझ्या आधी कळलं. कप ओट्यावर ठेवून ती अनवाणी धावत सुटली. त्या वयाची बाई उतारावरून अशी धावताना मी पाहिली नव्हती, आणि पुन्हा बघायची इच्छा नाही.

राबात तीन गाड्या होत्या. गोल गोल फिरत होत्या. काळी धूळ घरापेक्षा उंच उडत होती, वर ड्रोन घिरट्या घालत होता, आणि कडेला उभी असलेली माणसं टाळ्या वाजवत होती. एकाची गाडी त्या मऊ मातीत रुतली होती, तर त्यांनी कुंपणाच्या काटेरी फांद्या ओढून चाकाखाली घातल्या होत्या. मऊ लागलं की कोपरानं खणायचं, ही म्हण माझी आजी आमच्यावर वापरायची. त्या दिवशी ती मी डोळ्यांनी पाहिली.

मी पहिल्या गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. तिनं ब्रेक मारला. कॅप्टन काच खाली करून हसत होता. त्याला वाटलं, मी व्हिडिओत यायला आलेय. मी त्याला खाली उतरायला सांगितलं. कसं सांगितलं ते इथं लिहिता येणार नाही. माझा चेहरा बघून तो उतरला, आणि अगदी शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "मॅडम, जळालेली जागा आहे ही. हिरव्यावर आपण कधीच गाडी घालत नाही. आपल्या ग्रुपचा नियमच आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्याचं खोटं असतं तर मला इतका राग आला नसता. पण तो खरं बोलत होता. आजूबाजूला गवताचा एक तुकडा त्यांनी चिरडला नव्हता. रस्त्याकडेच्या करवंदीच्या जाळीला वळसा घालून आले होते. हिरवं वाचवत वाचवत, नियम पाळत पाळत, त्यांनी अख्ख्या डोंगरात नेमका तोच तुकडा निवडला होता ज्यात एका घराचं पोट पेरलेलं होतं. आणि याच्यावर कडी म्हणजे तो पुढं म्हणाला की हे लोक असे डोंगर जाळतात ते थांबलं पाहिजे, आम्ही फोटो काढलेत, वनखात्याला पाठवणार आहोत. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण चोराला निदान आपण चोर आहोत हे ठाऊक असतं.

मी त्याला सांगितलं, हे शेत आहे, यात भात पेरलंय. त्यानं खाली बघितलं. मग बुटानं माती उकरून बघितली, म्हणजे पुरावा हवा होता त्याला. चार दाणे वर आले तेव्हा त्याचा चेहरा पडला, हे खरं. एक बाई सॉरी म्हणाली. आणि मग त्यांनी दुसरी चूक केली. भरपाई म्हणून ती सगळी माणसं घडीची फावडी घेऊन राबात शिरली आणि चाकोऱ्या बुजवायला लागली. त्या जाड तळव्यांच्या बुटांनी माती दाबत, बी आणखी खोल घालत.

मावशी इतका वेळ बांधावर उभी होती. ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यांना भाईर काड बाय. लय तुडवत्यात."

मी काढलं. त्यांच्या हातातली फावडी हिसकावून घेतली. कॅप्टन म्हणाला, आम्ही तांदूळ पाठवतो, चांगल्या प्रतीचा, वर्षभर पुरेल एवढा. मी म्हटलं, तांदूळ पेरून रोप येत नाही. मग तो म्हणाला, बी ऑनलाइन मिळत असेल. त्याला काय सांगायचं? मावशीचं बी घरचं होतं, हळवं, म्हणजे लवकर कापणीला येणारं. डोंगरउतारावरच्या खाचरांत पाणी फार दिवस टिकत नाही, तिथं तेच चालतं. खाली आमच्या परंदवडीत सगळं गरवं भात, त्याला उशिरापर्यंत पाणी लागतं. माझ्या भावाकडून पोती आणून दिली असती तरी तिच्या खाचरांत ती वाळून गेली असती. वाडीतल्या बाकीच्यांनीही आपापलं बी पेरून टाकलं होतं. दुकानातून नवं आणायचं म्हटलं तरी ते पेरायला राब हवा, आणि राब भाजायला लागणारा पाला आणि शेण सगळं त्या एका तुकड्यात जळून गेलेलं होतं. ते पुन्हा जमायला हिवाळा-उन्हाळा लागतो.

गाड्या निघाल्या. त्यातल्या दोन गाड्यांची चाकं कुंपणाच्या काट्यांनी पंक्चर झाली आणि त्यांना वळणावर तासभर उन्हात बसावं लागलं. मला आनंद झाला. लपवत नाही. आणखी दोन झाली असती तर आणखी झाला असता.

मी मागं थांबले. मावशीचा मुलगा रानातून आला, त्यानं राब बघितला आणि तो कुदळ आणायला गेला. मावशीनं त्याला अडवलं. कुदळीनं बी तुटेल म्हणाली. मग आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून बोटांनी माती सैल करत राहिलो. जिथून चाक नुसतं गेलं होतं तिथं जमत होतं. पण जिथं गाड्या गोल फिरल्या होत्या तिथं माती दगडासारखी झाली होती, नखं मोडत होती. मावशी कणगीचा तळ झाडून उरलंसुरलं मूठभर बी घेऊन आली आणि कडेनं टाकलं. येईल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, जेवढं यील तेवढं. घरी परतताना मी गाडी इतकी वेडीवाकडी चालवली की कामशेतच्या चौकात एका ट्रकवाल्यानं मला शिव्या घातल्या. त्या मला लागल्याही नाहीत.

आठवड्यात त्यांचा व्हिडिओ आला. झकास होता, खोटं कशाला बोलू? वरून काढलेला, काळ्या जमिनीवर फिरणाऱ्या तीन गाड्या, मागं ढगांत गेलेला डोंगर, सोबत ढोलाचं संगीत. लिहिलं होतं की आम्ही निसर्गाला धक्का न लावता फिरतो. खाली शेकडो लोकांनी लाल बदाम टाकले होते. मी खाली लिहिलं की हे एका बाईचं शेत आहे आणि तिच्या वर्षाच्या भाताचं बी या चाकांखाली आहे. संध्याकाळपर्यंत माझं लिहिणं काढून टाकलेलं होतं आणि ग्रुपमधून मलाही. रात्री कॅप्टनचा मला एकटीला निरोप आला, मॅडम तुम्ही जरा इमोशनल झालात, आम्हालाही वाईट वाटलंय. वाईट वाटलं तर व्हिडिओ का नाही काढून टाकला? ज्याला वाईट वाटतं त्यानं काहीतरी सोडावं लागतं. यांनी एक व्हिडिओ सोडला नाही.

पाऊस लागल्यावर महिनाभरानं मी गेले. जीप घेऊनच निघाले, दुसरा विचारही केला नाही. अर्ध्या चढावर, जिथं रस्ता कड्याला चिकटून वळतो, तिथं मधोमध चर खणलेला होता. कमरेएवढा खोल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पावसानं खचलेला नव्हता. कडा सरळ होत्या, पहारीचे घाव दिसत होते. ज्यांनी दोन उन्हाळे घालून तो रस्ता केला, त्यांनीच तो तोडला होता. मग गाडी तिथंच सोडून बाजूनं चढून गेले.

राब लांबूनच दिसला. कडेनं पोपटी रोपं वर आली होती, आणि मधे एकात एक अडकलेली तपकिरी कडी, चकल्या पाडाव्यात तशी. तिथं एकही रोप नव्हतं. तीन गाड्या कुठं कुठं फिरल्या ते जसंच्या तसं. व्हिडिओ पुसला असता तरी हे पुसलं जाणार नव्हतं. त्या क्षणी तो कॅप्टन समोर असता तर मी त्याला त्याच्या त्या घडीच्या फावड्यानं मारलं असतं, आणि नंतर मला पश्चात्ताप झाला नसता.

मावशी खाचरात लावणी करत होती, डोक्यावर इरलं, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मुलगा बांधावरून रोपांच्या जुड्या देत होता. मला बघून तिनं मान हलवली, काम थांबवलं नाही. मी विचारलं, किती पुरतील? ती म्हणाली, खालची खाचरं व्हत्याल, वरची न्हाईत. आणि पिकेल त्यातलं आधी बियाला ठेवायचं, मग खायचं, नाहीतर पुढच्या वर्षी पेरायलाही नाही.

मग मी चराचं विचारलं. मुलगा म्हणाला, त्यानंतरच्या एका रविवारी आणखी चार गाड्या आल्या होत्या. व्हिडिओ बघून. इंजिन बंद न करता, कुणालाही न विचारता, थेट वर. काळी जागा कुठं आहे, असं आतली माणसं विचारत होती. "रस्ता आमचाच हुता," तो म्हणाला. "आमीच खांदला."

मला त्यांचाही राग आला, हे सांगायला हवं. ज्यांनी नासधूस केली ते दुसरा डोंगर शोधतील, आणि ही माणसं स्वतःचाच रस्ता तोडून बसली. मी मावशीला तसं बोललेही. म्हटलं, उद्या कुणाला साप चावला, कुणाची बाळंतपणाची वेळ आली, तर गाडी वर येणार कशी?

तिनं हातातली रोपं चिखलात खोवली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

"मानूस खांद्यावर घिऊन खाली जाता येतं, बाय," ती म्हणाली. "राब कुटं उचलून न्यायाचा?"

ती पुन्हा वाकली आणि पुढं सरकत म्हणाली, "तू येत जा. चालत."

मी चपला बांधावर काढल्या आणि तिच्या बाजूला खाचरात उतरले. दुपार व्हायच्या आतच रोपं संपली, आणि वरची खाचरं पाण्यानं भरलेली तशीच राहिली.